दाजींचा पहिला प्रश्न

माझे मेव्हणे, म्हणजे ताईचे यजमान, कॉम्प्युटर दुरुस्त करतात. मी त्यांना दाजी म्हणतो, ताई 'अहो' म्हणते आणि बाकीचा सगळा रस्ता त्यांना 'बॅकअप' म्हणतो. तोंडावर नाही. पण त्यांना ते माहीत आहे आणि माझा अंदाज असा, की मनातून ते त्यांना आवडतं. "मशीन सुरू होत नाही? बॅकअपकडे टाक," असं कोणी कोणाला सांगताना ऐकलं की ते चष्मा काढून पुसायला घेतात.

नाव पडलं ते त्यांच्या दुसऱ्या प्रश्नावरून. बंद पडलेलं मशीन घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला ते दोन प्रश्न विचारतात, आणि त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय मशीनला बोटही लावत नाहीत. दुसरा प्रश्न, "बॅकअप आहे का?" समोरचा नाही म्हणाला, की दाजी मयताला गेल्यासारखी मान हलवतात आणि माणूस उभ्या जागी अर्धा होतो. पण तो प्रश्न त्यामानाने गरीब. खरा पहिला प्रश्न: "बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलंत?"

यावर जगातल्या सगळ्या माणसांचं उत्तर एकच असतं. "मी काही नाही केलं हो. आपोआप झालं."

"आपोआप फक्त केस पिकतात," दाजी म्हणतात आणि हाताची घडी घालून बसतात.

मग माणूस हळूहळू पाघळायला लागतो. म्हणजे तसं कॉफी थोडीशी सांडली होती. म्हणजे मुलाने काहीतरी उतरवून घेतलं होतं, पण ते अभ्यासाचंच होतं. म्हणजे अपडेट चालू होतं, पडद्यावर 'बंद करू नका' असं लिहिलंही होतं, पण ते गोल गोल फिरणारं चाक बघून वैताग आला आणि बटण दाबलं. समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई एकदा अशाच 'आपोआप'वर अडून बसल्या. दाजी म्हणाले, "तुमच्याकडे काय, दात आपोआप किडतात?" बाई शांतपणे म्हणाल्या, "पेशंट तर तेच सांगतात." त्या दिवशी दाजी पहिल्यांदा हसून गार झाले. पण उत्तर घेतल्याशिवाय मशीन उघडलं नाहीच. बाईंनी चार्जर दुसराच लावला होता.

हा निव्वळ आडमुठेपणा आहे, असं मी बरेच दिवस समजत होतो. तो आहेच, पण निव्वळ नाही. अपडेट होता होता मशीन बंद केलं, तर त्याला मागच्या स्थितीत फिरवायचा एक रस्ता असतो. डिस्कच मरायला टेकली असेल, तर तोच रस्ता तिचा उरलासुरला जीव घेतो. काळा पडदा दोन्हीकडे सारखाच. तेव्हा काय केलं हे कळलं, तर निम्मी दुरुस्ती तिथेच होते. आणि म्हणून दाजींचा आणखी एक नियम, की मालकाने स्टुलावर समोर बसायचं. "ठेवून जातो, संध्याकाळी नेतो," असं कोणी म्हणालं तर ते म्हणतात, "ही लाँड्री नाही."

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला शटर, मागे एक दार, ते सरळ स्वयंपाकघरात उघडतं. एक लांब टेबल, त्यावर बर्फाच्या ट्रेमध्ये आकारवार लावलेले स्क्रू, धूळ झाडायला दाढीचा ब्रश, आणि भिंतीला टेकून उभी केलेली, पोटं उघडी पडलेली मशीनं. ताई इतकी वर्षं त्या मागच्या दारातून चहा घेऊन येते आहे. तिला स्क्रू ड्रायव्हर कुठला कशाला लागतो ते सांगता येणार नाही, पण दाजी कशानंतर काय करतात ते पाठ आहे.

ताई आधी एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. तिचा आवाज स्वच्छ आहे. रागावली तरी शब्द न् शब्द वेगळा ऐकू येतो, याचा मला लहानपणापासून अनुभव आहे. निवृत्त झाल्यावर ती डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागली. घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, भिंतींना जुन्या गोधड्या टांगून तिने आपला स्टुडिओ थाटला. एक मशीन, एक माईक आणि दारावर कागद: 'आत आवाज चालू आहे.' दाजी म्हणायचे, "कागद कशाला? तो तर कायमच चालू असतो."

त्या दिवसांत ती कराराच्या कायद्याचं एक जाडजूड पुस्तक वाचत होती. वकिलीच्या वर्गातल्या एका मुलीसाठी. मुलगी जन्मापासून आंधळी, बोलायला फटकळ. ताईला मावशी म्हणायची आणि फोन करून चुका काढायची: "मावशी, तो शब्द तुम्ही तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हटलाय. एक ठरवा." तिची परीक्षा तोंडावर आली होती. ते पुस्तक तिला ऐकता येईल अशा रूपात दुसरीकडे कुठेच नव्हतं. ताईचं वाचून झालं होतं. शेवटचे तीन धडे तेवढे कच्चे होते, म्हणजे खोकले, अडखळणं, पानांची सळसळ कापून काढायची बाकी होती. ते झालं की सगळं एकदम पाठवायचं.

या मशीनला दाजींनी हात लावायचा नाही, असा ताईचा हुकूम होता. त्याला कारण होतं. पूर्वी एकदा दाजींनी ते 'जरा सुधारून' दिलं, तेव्हा चार दिवस माईक कुठे जोडायचा तेच तिला सापडत नव्हतं. वाचता वाचता मशीन मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ नये, म्हणून तिने अपडेटही रोखून धरली होती. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात एक नारिंगी ठिपका बसलेला असायचा. ताईला तो दिसतही नसे. दाजींना मात्र तो डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखा खुपायचा.

एका दुपारी ताई घशाच्या डॉक्टरकडे गेली. ती परत आली, आत गेली, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली: सुरू होण्यासाठी काही सापडत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

मी ऑफिसातून रोजच्यासारखा चहाला टपकलो, तेव्हा ती त्या मशीनसमोर उभी होती, खांद्याला पर्स तशीच. दाजी दारात.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही कळत नाही रे. मी प्रोग्रॅम उघडा ठेवून गेले. तसं ठेवायला नको होतं का? निघताना घाईत काही दाबलं गेलं असेल."

"आपोआप झालं असेल," दाजी म्हणाले. "हल्ली ही अपडेट आपोआपच येतात."

मी त्यांच्याकडे बघितलं. हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. शाकाहारी माणसाने कोंबडीची तंगडी मागावी तसं वाटलं.

"नाही, माझंच चुकलं असणार," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "ती पोरगी डोळे लावून..." एवढं म्हणून ती थांबली, जीभ चावली. "वाट बघत असेल."

"असू दे," दाजी म्हणाले. "होतं असं माणसाच्या हातून. फार मनाला लावून घेऊ नकोस."

"तुझ्याकडे कॉपी असेल ना दुसरी?" मी विचारलं.

ताईने पुढच्या खोलीकडे बघितलं. तिच्यासाठी म्हणून दाजींनी वेगळी डिस्क आणून ठेवली होती, ती दुकानातल्या फळीवर वेष्टनासकट होती. पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत यायला तिला मुहूर्त मिळाला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी म्हणणार होतो, पण चहा अजून मिळायचा होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी गेलो तर ताई मशीनचा डबा पोटाशी धरून दुकानात येत होती. मी पुढे होऊन तो टेबलावर ठेवला. दाजी म्हणाले, "मी बघतो सगळं. तू आत जाऊन पड जरा, रात्री झोपली नाहीस."

"मालकाने समोर बसायचं," ताई म्हणाली आणि स्टुलावर बसली.

दाजींनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. डब्याचं झाकण काढलं. वायर लावून बटण दाबून बघणं नाही, काही नाही. सरळ हात आत घालून डिस्कची पट्टी सैल करायला लागले.

"अहो," ताई म्हणाली.

"हं."

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

"काय?"

"शेवटचं काय केलंस ते."

"तुला काय विचारायचं? घरचंच मशीन."

"घरचं असलं म्हणून काय झालं? सासूबाईंचा टॅब्लेट बंद पडला तेव्हा त्यांनाही विचारलंत. जन्मदात्या आईला. रडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या बिचाऱ्या."

दाजी पट्टीशी खटपट करत राहिले.

"आणि सुरू करून न बघता थेट डिस्क काढताय," ताई म्हणाली. "आधी सुरू करून बघता तुम्ही. प्रत्येक वेळी. सुरू करायचंच नाही हे कशावरून ठरवलंत?"

मी शटरला लागलेल्या गंजाचा बारकाईने अभ्यास करायला लागलो.

"मग मीच विचारते," ताई म्हणाली. "शेवटचं काय केलंत?"

दाजींनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा चेहरा पाहिला. ते म्हणाले, "म्हणजे, तसं मी फारसं काही..." आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थांबले. मग सांगायला लागले ते सलग सांगितलं, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे.

ताई दोन दिवस कुरकुरत होती, की मशीन रखडत चालतंय. ती डॉक्टरकडे गेल्यावर त्यांना वाटलं, येईपर्यंत अपडेट उरकून टाकू, मशीन पळायला लागेल, ती खूश होईल, मग सांगू. उघडा प्रोग्रॅम बंद करू का, असं मशीनने विचारलं. ते हो म्हणाले. अपडेट सुरू झालं आणि सत्तर टक्क्यांवर जाऊन बसलं ते हलेचना. याबाबत दाजी लोकांना काय सांगतात ते सगळ्या रस्त्याला पाठ आहे: दिवस जाऊ दे, पण हात लावू नका. दाजींनी घड्याळ बघितलं, बटण दाबून मशीन बंद केलं आणि परत सुरू केलं. मशीन शहाणं होतं. झालेलं निस्तरायला लागलं. पडद्यावर आलं: बदल मागे घेत आहोत, बंद करू नका. तेवढं पुरं झालं असतं, तर कोणाला काही कळलंही नसतं.

"मग?" ताईने विचारलं.

"मग तुझी किल्ली वाजली."

"कसली किल्ली?"

"दाराची. तू कुलूप उघडत होतीस." दाजी टेबलाकडे बघत म्हणाले. "मी प्लग खेचला भिंतीतून. आणि परत लावून बाहेर आलो."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. ती आता ओरडेल असं मला वाटलं, आणि मी मनाची तयारीही केली. ती एवढंच म्हणाली, "काढा डिस्क."

दाजींनी डिस्क काढली, दुकानातल्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडली. अर्धवट मागे गेलेलं मशीन पुन्हा सुरू केलं असतं, तर ते आपल्याच डोक्याने काहीबाही लिहीत सुटलं असतं आणि उरलेलंही पुसलं गेलं असतं. म्हणून आधी उचलता येईल ते उचलून घ्यायचं, मशीन नंतर. हे ते सांगत होते, पण आम्हाला नव्हे, आवाज आपला चालू राहावा म्हणून. सुरुवातीला डिस्क दिसेना. मग दिसली, पण आत काही नाही म्हणाली. दाजींनी तपासणी लावली आणि आम्ही तिघं बसून राहिलो. टक्के पुढे सरकत होते, थांबत होते. दाजींनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

मग फोल्डर दिसायला लागले. ताईने नाव सांगितलं, दाजींनी उघडलं. धडे होते. तिने एकेक वाजवून बघितला. तिचा आवाज दुकानात घुमायला लागला: कराराला दोघांची संमती लागते, ती मोकळेपणाने दिलेली असावी लागते, फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे. इथे मी कुठे बघावं हा प्रश्नच होता. दाजींनी मान वर केली नाही.

शेवटचे तीन कच्चे धडे नव्हते. दाजींनी होते नव्हते ते सगळे उपाय केले. तासाभराने एक फाइल सापडली. वाजवली तर नुसती खरखर आली. तीन धडे गेले होते.

ताईने फोन उचलला, त्या मुलीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन दाजींसमोर टेबलावर ठेवला. "तुम्ही सांगा."

"मी? मला ती ओळखतसुद्धा नाही."

"मग ओळख होईल."

"हॅलो? मावशी?" फोनमधून आलं.

"मी मावशींचा... काका बोलतोय," दाजी म्हणाले. "मावशी इथेच आहेत. तुझे शेवटचे तीन धडे गेले. बाकीचे आहेत. मशीन अपडेट होत होतं, ते मी मध्येच बंद केलं. दोनदा."

"दोनदा?"

"दोनदा."

"दुसऱ्यांदा कशाला?"

दाजींनी ताईकडे बघितलं. "मावशी घरी आल्या, म्हणून."

मग ती मुलगी म्हणाली, "काका, मला दिसत नाही ना, म्हणून लोक मला कारणं फार सांगतात. फाइल उडाली. लिफ्ट बिघडली. सर आलेच नाहीत. मी काय तपासणार? मी बरं म्हणते." तिने श्वास घेतला. "तुमचा राग आलाय मला. त्या तीन धड्यांवर दरवर्षी प्रश्न येतो. पण गेले ते आज कळलं हे बरं झालं. नाहीतर उद्या पाठवतो, परवा पाठवतो यातच परीक्षा आली असती. असलेले आजच पाठवा. एक धडा मी मैत्रिणीकडून वाचून घेते."

"बाकीचे दोन मी आज वाचते," ताई म्हणाली. "खोकल्यासकट पाठवीन."

"चालेल. खोकला मला पाठच आहे तुमचा."

फोन बंद झाला. डॉक्टरांनी ताईला घशाला विश्रांती द्यायला सांगितली होती, ते तिघांनाही आठवलं. दाजींनी फळीवरची नवी डिस्क काढली, वेष्टन फाडलं आणि धडे तिच्यावर उतरवायला लावले.

"मी ओरडले असते म्हणून प्लग काढलात?" ताईने विचारलं.

"हो."

"ओरडले असतेच. पाच मिनिटं. तेवढी ऐकून घ्यायची होती, धडे राहिले असते."

"चुकलं माझं," दाजी म्हणाले.

"ते झालं. त्याचं मला एवढं काही नाही." ताई उठली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, शब्द न् शब्द वेगळा. "मी रात्रभर आठवत पडले होते, निघताना मी काय दाबलं, काय दाबलं. तुम्ही शेजारीच होतात. आणि त्याआधी मी म्हटलं माझं चुकलं, तर 'असू दे' म्हणालात. अहो, तुम्ही मला माफ केलंत."

दाजींनी चष्मा काढला, पण पुसला नाही. ताई कायद्याचं पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून दाजींनी भर दिवसा शटर खाली ओढलं. थोड्या वेळाने बाहेरून कोणीतरी ते वाजवलं, पुन्हा वाजवलं, "अहो, मशीन बंद पडलंय हो, आपोआप," असं ओरडून सांगितलं. दाजी शटरच्या आत उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "उद्या या." मागच्या बाजूने ताईचं वाचन सुरू झालेलं बारीक ऐकू येत होतं, आणि मध्ये मध्ये तिचा खोकला.